भिंतीपलीकडचा खोकला

"मोठं कापड एकटीनं घडी करायचं म्हणजे स्वतःशीच मारामारी," मोठी काकू म्हणायची. दोन कोपरे हातात धरले की उरलेले दोन जमिनीवर लोळण घेतात, ते उचलायला वाकलं की हातातले निसटतात. म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. कापडाचे दोन कोपरे चिमट्यांनी दाराच्या कडीला लावायची, दुसरे दोन मुठीत घेऊन मागे सरकायची आणि अंगाचा सगळा भार टाकून ओढायची. कापड ताठ व्हायचं, दार कुरकुरायचं आणि काकू दाराला म्हणायची, "ओरडू नकोस. तुला काय झालंय ओरडायला?"

हे कापड म्हणजे आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, टेबलावरचं पांढरं कापड. प्रभुभोजनाच्या रविवारी त्याच्यावर भाकरीचं ताट आणि द्राक्षरसाचे छोटे पेले मांडायचे. ते धुऊन, कांजी करून, इस्त्री मारून आणायचं काम आमच्या घराकडे. पूर्वी त्याची घडी दोघी मिळून घालायच्या, मोठी काकू आणि माझी आई. अंगणात एकीकडे ही, दुसरीकडे ती.

"ओढ गं धाकटे!"

"ओढतेय की!"

"ही ओढ म्हणायची? जेवलीस का नाहीस?"

मग काकू असा हिसका द्यायची की माझी किडकिडीत आई चपलांसकट घसरत अर्ध्या अंगणात यायची आणि दोघी हसत सुटायच्या. मग कोपऱ्याला कोपरा जुळवत समोरासमोर चालत यायचं, बोटांना बोटं लागली की आईनं तिच्याकडचे कोपरे काकूच्या हातात द्यायचे. लहानपणी मी त्या ताणलेल्या कापडाखालून पळत असे.

काका गेले आणि काकूनं दाराची कडी धरली.

"मी येऊ का, ताई?" आई उंबऱ्याशी येऊन विचारायची.

"कशाला? कडी बोलत नाही. तीच बरी."

काकू माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. एकाच घराच्या दोन खोल्या, मधे एका विटेची भिंत; त्यांच्याकडे कप फुटला तर आमच्याकडे कळायचं की तो बशीसकट फुटलाय. तिला मूलबाळ नव्हतं. काम लाँड्रीत, वाफेच्या इस्त्रीवर. हॉटेलांच्या चादरी, साहेब लोकांचे शर्ट. लाँड्रीत तिला 'कांजीबाई' म्हणत. तिच्या हातून गेलेली कॉलर घालणाऱ्याला मान खाली घालू देत नसे. तिचा स्वभावही तसाच, म्हणून नाव पक्कं बसलं.

काका आणि बाबा दोघंही बर्फाच्या कारखान्यात. एका दुपारी तिथला गॅसचा पाइप फुटला. दोघं एकाच पाळीत होते, एकाच दारातून बाहेर ओढून काढले गेले, आणि इस्पितळात शेजारशेजारच्या खाटांवर ठेवले गेले. मधे फक्त हिरवा पडदा. बाहेरच्या बाकावर काकू आणि आई हातात हात घालून बसल्या. प्रार्थना काकू करायची, कारण तिचा आवाज मोठा. आई मागून तेच शब्द म्हणायची. "प्रभो, दोघांना उठव. दोघांना घरी ने." शब्द एक, बाक एक.

पडद्याच्या उजवीकडचा भाऊ उठला. डावीकडचा गेला.

बाबा घरी आले ते अर्धी फुप्फुसं घेऊन. जड काम बंद झालं, कारखान्यानं त्यांना फाटकावर स्टुलावर बसवलं. रोज सकाळी उठल्याउठल्या ते खोकायचे. कोरडा, ठसक्याचा, लांब खोकला, शेवटी एक 'हं' असा हुंकार. मला त्या आवाजाची चीड यायची, झोपमोड व्हायची. भिंतीपलीकडे काकूला मात्र तोच आवाज वेगळा ऐकू यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा मी तिच्याकडे बसून केस विंचरून घेत होते. भिंतीपलीकडे बाबा खोकले. तिचा कंगवा थांबला.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. खोकतोय."

"रोजच खोकतात की."

"हो ना. तुझ्या आईला रोज ऐकायला मिळतं." आणि तिनं कंगवा असा फिरवला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खरी आग लागली ती रविवारी. आमच्या मंडळीत उपासनेच्या मध्यावर पाळक विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" देवानं काय केलं ते उठून सांगायचं. एरवी कोणी उठायचं, कोणी नाही. बाबा बरे होऊन आल्यापासून माझी आई दर रविवारी उठू लागली. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वर करून, एका दमात सांगायची, "माझा नवरा मरणाच्या दारात होता, प्रभूनं माझी प्रार्थना ऐकली, त्याला उठवलं, त्याचं नाव धन्य असो," आणि धप्प करून बसायची. शब्द तेच. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

त्याच बाकावर काकू बसलेली असे. मी दोघींच्या मधे. आई उठली की माझ्या डाव्या बाजूचा बाक हलका व्हायचा, आणि उजव्या बाजूला काकूचा श्वास जोरात यायचा, लाँड्रीतल्या इस्त्रीसारखा.

"पाहिलंस?" घरी येताना ती मला म्हणायची. "मान कशी वर! लोकांकडे बघतसुद्धा नाही. राणीसाहेब! आम्ही दोघींनी एका बाकावर बसून मागितलं. बोलत मी होते! हिनं नुसती माझी नक्कल केली. मग हिचं पोचलं आणि माझंच वाटेत कुठे गळलं?"

 ज्यांना उत्तर येत होतं त्यांनी तिला आणखी जाळलं. कोणी म्हणालं देवाची इच्छा, कोणी म्हणालं तुमच्या विश्वासात काही कमी असेल, शोधा. काकू शोधू लागली. आईपेक्षा जास्त वेळ गुडघ्यांवर बसू लागली. आई आठवड्यातून एक दिवस उपास करते हे कळल्यावर हिनं दोन दिवस धरले. वाफेसमोर उपाशीपोटी उभं राहायचं म्हणजे काय, ते तिच्याबरोबर काम करणारी गठ्ठेवालीच सांगायची. गठ्ठेवालीला सगळे 'रेडिओ' म्हणत. देवाधर्माशी तिचं देणंघेणं नव्हतं, पण बातम्या सगळ्यांच्या.

"कांजीबाई, पोटात घाला काहीतरी. चादरीपेक्षा तुमचा चेहरा पांढरा दिसतोय."

"उपास आहे."

"परवाही होता."

"तो वेगळा. हा वेगळा."

"कोणासाठी चाललंय हे एवढं?"

"देवासाठी."

"मग जावेचं नाव का घेताय मघापासून तोंडातल्या तोंडात?"

काकूनं इस्त्री आदळली. एका साहेबाच्या शर्टावर त्रिकोणी डाग पडला तो कायमचा.

आणि प्रभुभोजनाच्या दिवशी ती काय करायची? ताट बाकावरून सरकत येई. एक तुकडा घ्यायचा आणि ताट शेजाऱ्याकडे द्यायचं. काकू ताट हातात घेई, क्षणभर बघे आणि काही न घेता पुढे सरकवी. आमच्यात शिकवलेलं असतं की मनात कोणाविषयी अढी ठेवून त्या टेबलाशी जायचं नाही. बाकीचे लोक अढीसकट जातात, पण काकू खोटं वागणारी नव्हती. कापड तिनं धुतलेलं, कांजी तिची, घडीच्या रेघा तिच्या हातच्या. टेबल सगळं तिचं, आणि जेवण तेवढं दुसऱ्यांचं.

हे पाळकबाईंच्या नजरेतून सुटलं नाही. पाळकबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी, उंच, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या, हातात सदा कुंड्यांची माती. एका संध्याकाळी त्या कापडाची चौकशी करायला म्हणून आल्या आणि काकूच्या खोलीत बसल्या. मी तिथेच अभ्यास करत होते. म्हणजे पुस्तक उघडं होतं.

"बरेच दिवस ताट पुढे जातंय," पाळकबाई म्हणाल्या.

"जातंय."

"कोण आडवं येतंय?"

काकूनं नुसती हनुवटी भिंतीकडे केली.

"तिनं काय केलं?"

"काही नाही! तेच तर! तिनं काही केलं असतं तर मी भांडले असते, मोकळी झाले असते. तिनं काही केलं नाही आणि तिला सगळं मिळालं. बाई, मला ती सहन होत नाही. तिच्या दोरीवर पुरुषाचा शर्ट वाळतो, मला ते सहन होत नाही. सांगा, काय करू?"

पाळकबाई उपदेश करतील असं वाटलं. त्या बोटांवरची माती खरवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन दिवसांचा उपास बंद करा. तो तुम्ही तिच्याशी शर्यत म्हणून करताय. त्याऐवजी रोज सकाळी कामाला जायच्या आधी एका जागी बसा आणि तिच्यासाठी मागा."

"काय मागू?"

"तुम्हाला जे हवंय ते."

"ते तिच्याकडे आहेच!"

"मग ते टिकावं म्हणून मागा."

काकू उठून उभी राहिली. "बाई, चहा घेणार होतात ना? आता नाही देत."

पाळकबाई हसल्या. "चहा नको. मनापासून येत नसलं तरी चालेल. रोज करा. मन मागून आलं तर आलं."

दुसऱ्या दिवशीपासून भिंतीपलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज येऊ लागला. काकांची जुनी लाकडी खुर्ची. तिचा एक पाय आखूड, त्यामुळे आधी सर्र आणि मग टक्. मग काकूचा आवाज. ती हळू बोलत असे, पण तिचं हळू म्हणजे दुसऱ्याचं खणखणीत. मी अंथरुणात पडून भिंतीला कान लावायचे.

"प्रभो, तिचं भलं कर." खुर्ची पुन्हा टक् व्हायची. "फार नको करूस."

दुसऱ्या एका सकाळी: "तिचा नवरा... तो माझा दीर आहे, चांगला आहे बिचारा, त्याला राहू दे. पण तू मला सांग, माझ्यात काय खोट होती? सांग ना! नाही सांगत? बरं. तिचं राहू दे. आमेन."

कधी नुसतं, "आज मला काही म्हणायचं नाही. पण मी बसले आहे. बघून घे."

यानं तिचा हेवा कमी झाला म्हणाल, तर अजिबात नाही. उलट वाढला. रोज सकाळी जिच्यावर बोट ठेवायचं ती जखम भरणार कशी? ती पाळकबाईंना रस्त्यात गाठून म्हणाली, "तुमच्या औषधानं दुखणं वाढलंय." त्या म्हणाल्या, "दिसतंय. चालू ठेवा." काकूनं त्यांना त्यांच्या पाठीमागे जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची सर्र-टक् झाली.

मग तो दिवस आला. आई अंगणात कपडे वाळत घालत होती. बाबांचा निळा शर्ट तिनं दोरीवर टाकला, बाह्या सरळ केल्या आणि सहज, अगदी सहज, खांद्यावरची सुरकुती हातानं सपाट केली. काकू लाँड्रीतून परत येत होती. तिनं ते पाहिलं.

"पुरे कर!" ती एकदम ओरडली.

आईच्या हातातला चिमटा पडला. "काय झालं, ताई?"

"तुझी ती साक्ष पुरे कर! दर रविवारी उठतेस आणि माझ्या डोक्यावर घण घालतेस. 'माझी प्रार्थना ऐकली, माझी प्रार्थना ऐकली!' कळलं सगळ्या जगाला! देवाची लाडकी तू आणि मी दाराबाहेरची. कळलं! आणखी किती वेळा सांगणार?"

शेजारच्या खिडक्या उघडल्या. आईचा चेहरा पार उतरला. मला वाटलं ती चिडेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती, आणि कसली ते मला कळेना.

"ताई, मला थांबता येणार नाही," ती पुटपुटली.

"का? गप्प बसलं की जीभ झडते का?"

आई आत गेली. निळा शर्ट एका खांद्यावर लोंबकळत राहिला.

रविवारी पाळकांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" लोकांनी सवयीनं आमच्या बाकाकडे पाहिलं. आईनं बाकाची कड धरली आणि ती उठली नाही. पाळकांनी थोडं थांबून गीत सांगितलं. उजवीकडे काकूचा श्वास शांत झाला. घरी येताना ती चक्क गाणं गुणगुणत होती.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, आम्ही सगळे झोपेत असताना भिंतीवर धाडधाड मुठी पडल्या.

"धाकटे! ऊठ! त्याचा खोकला बदललाय! ऐकतेस का? ऊठ!"

आई धडपडत उठली. बाबा गादीवर बसलेले, ओठ निळसर, तोंडातून ओला, घरघरता आवाज, शेवटचा तो 'हं' गायब. आम्हाला त्या खोकल्याची इतकी सवय झाली होती की झोपेत तो बदललेला कळलाच नाही. कळला तो भिंतीपलीकडे, जी रोज तो कान देऊन ऐकत होती तिला. काकू तोवर रिक्षा घेऊन दारात उभी.

याबद्दल ती पुढे एकदा माझ्याशी बोलली. मी विचारलं नव्हतं, तिनंच काढलं. "तो आवाज बदलला आणि मी उठले, या दोहोंच्या मधे एक फट होती. त्या फटीत मी काय केलं ठाऊक आहे? मी खूश झाले. म्हटलं, आता कळू दे हिला."

"मग उठलीस कशी?"

"तोंडात तिचं नाव होतं तेव्हा. रोजच्यासारखं. 'तिचं राहू दे' इथपर्यंत आले होते." ती खुर्चीच्या आखूड पायाकडे बघत होती. "रोज म्हणायचं आणि ज्या दिवशी खरी गरज लागली त्या दिवशी वाक्य अर्धं टाकून बसून राहायचं? मलाच लाज वाटली. मन नव्हतं हं माझं. मूठ गेली आधी भिंतीवर."

इस्पितळ तेच. खाट वेगळी, पण बाहेरचा बाक तोच, त्याची तीच निखळलेली फळी. बाबांना आत नेलं. फुप्फुसांत पाणी झालं होतं, डॉक्टर म्हणाले सांगता येत नाही. दुपारी मी थर्मासमधून चहा घेऊन गेले तेव्हा दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या, मधे एक अख्खं माणूस बसेल एवढी जागा. मी काकूच्या हातात कप दिला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

"तुमच्यामुळे झालं हे," आई म्हणाली. ओरडली नाही, थकल्या आवाजात म्हणाली.

"माझ्यामुळे?"

"तुम्ही म्हणालात पुरे कर. मी गप्प बसले. एकच रविवार गप्प बसले, ताई." आणि ती रडू लागली. "मी शब्द दिला होता. इथेच, या बाकावर. तुम्ही मोठ्यानं मागत होतात तेव्हा मी मनात म्हटलं, यांना उठवलंस तर दर रविवारी उभी राहून सांगेन, एकही रविवार चुकवणार नाही. चुकवला. आणि बघा."

काकू तिच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे... तुला मिरवायचं नव्हतं?"

"मिरवायचं? तुम्ही शेजारी बसलेल्या, तुमचा श्वास ऐकू यायचा मला. तुमच्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून त्या घड्याळाकडे बघून बोलायचे. शब्द बदलायची भीती वाटायची. एखादा चुकला आणि यांना काही झालं तर?"

काकूनं हातातला कप बाकावर ठेवला. तो मधल्या मोकळ्या जागेत बसला.

"अगं वेडे," ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "थांब जरा. नीट बोलू दे मला. तू बोलत राहिलीस म्हणून तो जगला आणि गप्प बसलीस म्हणून आजारी पडला. असं ना?"

"हो."

"मग माझा नवरा का गेला? मी काय बोलायची राहिले होते?"

"ताई, तसं नाही..."

"तसंच होतं! इतके दिवस मी तेच धरून बसलेय. धाकटीनं काहीतरी जास्त दिलं, मी कमी पडले. आता तू म्हणतेस तू शब्द दिलास. म्हणजे मीही द्यायला हवा होता? जास्त मोठा? देव काय त्या हिरव्या पडद्यामागे लिलाव पुकारत होता, की जी जास्त बोलेल तिचा नवरा परत?"

बोलता बोलता ती थांबली. आपल्याच तोंडून काय आलं ते तिला आता ऐकू आलं असावं. एक नर्स ट्रॉली ढकलत गेली.

"नाही," काकू हळूच म्हणाली. हे खरोखरचं हळू होतं. मी तिचा असा आवाज पूर्वी ऐकला नव्हता. "मला नाही पटत. तो तसा असता, तर रोज सकाळी मी जे काय बोलते त्यावर त्यानं मला कधीच हाकलून दिलं असतं. शिव्या देते मी. तरी दुसऱ्या दिवशी बसले की वाटतं, ऐकतोय. देत काही नाही, पण ऐकतोय."

आई रडायची थांबली. "मला प्रार्थनाच करता येत नाहीये, ताई. तोंड उघडलं की सौदाच निघतो. हे कर म्हणजे मी ते करीन. तुम्ही कशा बसता? तुम्हाला तर काही मिळालं नाही. तरी रोज तुमची खुर्ची सरकते. मी पलीकडे जागी असते. खरं सांगू? मला त्या आवाजाचा हेवा वाटतो."

"माझा? हेवा?"

"हो. यांना काही झालं तर माझ्यात उरणार काय? तुमच्यात उरलंय काहीतरी."

काकू एकदम हसायला लागली. असं हसली की आतून नर्स डोकावली आणि "शूऽऽ" म्हणाली. काकूनं तोंडावर हात दाबला, खांदे हलत राहिले आणि बघता बघता डोळे भरले. "अगं, मी तुझ्या नवऱ्याच्या खोकल्यावर जळत होते! खोकल्यावर! आणि तू माझ्या मोडक्या खुर्चीवर!"

मग तिनं कप उचलला, सरकत मधल्या जागेत आली आणि तोच कप आईच्या हातात दिला. "पी. गार झालाय. आणि हे बघ, बसायचं असेल तर सोपं आहे. राग आला तर राग सांगायचा. मग गप्प बसायचं. मग तुझं नाव घ्यायचं."

"माझं?"

"माझ्यापुरतं तुझं. पाळकबाईंनी लावलंय मागे, मी कुठे आपणहून घेतेय! तू माझं घे."

शनिवारी बाबा तसेच होते, ना इकडे ना तिकडे. आई अंघोळीपुरती घरी आली. काकूनं टेबलाचं कापड इस्त्री करून बाहेर आणलं होतं. दाराच्या कडीला चिमटे लटकत होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि दोन कोपरे आईपुढे धरले.

"धर."

आईनं धरले. दोघी मागे सरकल्या.

"ओढ."

आईनं ओढलं. इतक्या दिवसांच्या जागरणानं तिच्यात ताकद कुठली? काकूनं मुद्दाम हिसका दिला की नेहमीच्या सवयीनं, माहीत नाही. आई घसरत पुढे आली, कापडात तोंड खुपसून हसू लागली आणि तशीच रडू लागली. काकू कापडाचे कोपरे न सोडता तिच्यापर्यंत चालत गेली. एक बाजू चुरगळली, डावा कोपरा आईच्या डोळ्यांनी ओला झाला. काकू म्हणाली, "राहू दे. आता पुन्हा इस्त्री नाही."

रविवारी पाळकांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" माझ्या डावीकडचा बाक हलला. आईचे पाय उठायला निघाले होते, भीतीनंच. काकूनं माझ्या मांडीवरून हात लांबवून तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला. "बस. तो देवाच्या हातात आहे. तुझ्या बोलण्यात नाही." आई बसली. मग माझ्या उजवीकडचा बाक हलका झाला.

मोठी काकू उभी होती. पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळल्या.

"मी जे मागितलं ते मला मिळालं नाही," ती म्हणाली. "मला अजून राग आहे. माझ्या जावेचा हेवा करत होते, अजूनही करते. पण रोज बसते. तो मला उठवून लावत नाही." तिनं इकडेतिकडे पाहिलं, मग टेबलाकडे बोट केलं. "आणि कापडाचा डावा कोपरा जरा दमट आहे. पेले जपून ठेवा."

आणि बसली. मागच्या बाकावर पाळकबाई खोकल्याचं निमित्त करून हसल्या.

ताट आलं. आईनं घेतलं, माझ्याकडे दिलं, मी काकूकडे. तिनं ताट हातात धरलं. क्षणभर बघितलं, नेहमीसारखं. मग एक तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि ताट पुढे द्यायचंच विसरली. शेजारच्या आजोबांनी शेवटी तिच्या हातातून ओढून घेतलं.

बाबा घरी आले, पण फाटकावरच्या स्टुलावर पुन्हा बसले नाहीत. आता ते खिडकीशी बसतात आणि सकाळी खोकतात, आधीपेक्षा बारीक. खोकला लांबला की भिंतीपलीकडून हाक येते, "अरे, पाणी पी! का मी येऊ?" त्याआधी दोन्ही खोल्यांतून खुर्च्या सरकल्याचे आवाज येतात. आमच्या खुर्चीचे पाय सारखे आहेत, म्हणून आमची नुसती सर्र करते.

परवा मी काकूला विचारलं, "हेवा गेला का गं?"

ती कॉलरवर पाणी शिंपडत होती. "कुठला जातोय! आज सकाळीच आला होता. तुझ्या आईनं त्याला स्वेटर घातला, बटणं लावून दिली, खिडकीतून दिसलं मला. आला लगेच, बसला छातीवर."

"मग?"

"मग काय. म्हटलं, आलास का? बस. मला तिचं नाव घ्यायचंय अजून." आणि तिनं इस्त्री टेकवली.